रिळांना राजवाडे हवा!

काही महिन्यांपूर्वी एका सांस्कृतिक संस्थेच्या कार्यक्रमाला जाण्याचा योग आला. कार्यक्रमाचे नाव होते ‘सुवर्णयुगाच्या आठवणी’. सभागृह तुडुंब भरलेले. निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, डॉक्टर, गृहिणी, असा सगळा सुशिक्षित, सुसंस्कृत मराठी मध्यमवर्ग. निवेदकाने हिंदी गीतांचे आरंभीचे सूर ऐकवायचे आणि श्रोत्यांनी चित्रपट, नायक, नायिका, संगीतकार सांगायचे, असा खेळ रंगला होता. पहिले दोन सूर वाजताच शंभर हात वर होत. देव आनंदची टोपी कोणत्या चित्रपटात कशी होती, राज कपूरने कोणत्या पावसात छत्री धरली होती, हे सारे मुखोद्गत!

मग निवेदकाने पडद्यावर एक कृष्णधवल छायाचित्र दाखविले. थकलेला, सज्जन चेहऱ्याचा एक वृद्ध शाळामास्तर. ‘ओळखा पाहू!’ सभागृह स्तब्ध. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, ‘जुने कुणी नाटकवाले दिसताहेत.’ हशा पिकला. निवेदकानेच उत्तर दिले : राजा परांजपे, ‘ऊन पाऊस’, १९५४. टाळ्या पडल्या नाहीत. पुढचे गीत सुरू झाले आणि सभागृहाने सुटकेचा श्वास सोडला.

त्या हशाने मला त्या रात्री झोप लागली नाही. वाचकहो, हा लेख त्या हशाविषयी आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. हिंदी चित्रपटांतील थोर कलावंतांचे थोरपण नाकारण्याचा येथे हेतू नाही. दिलीपकुमारचा संयत अभिनय, नर्गिसचा आवेग, गुरुदत्तची छायाप्रकाशाची जाण, बिमल रॉय यांची करुणा यांपुढे कोणीही रसिक नतमस्तकच होईल. आक्षेप त्यांच्यावर नाही. आक्षेप आहे तो आपल्या स्मरणशक्तीवर. आपल्या घरातील देव्हारा अडगळीत टाकून शेजाऱ्याच्या आरतीला टाळ वाजवायला धावणाऱ्या आपल्या रसिकतेवर.

सुवर्णयुगाची मुळे कोठे होती?

ज्याला आपण सुवर्णयुग म्हणतो त्याची मुळे कोठे रुजली, हे एकदा तपासून पाहावे. देव आनंद प्रथम पडद्यावर आला तो १९४६च्या ‘हम एक हैं’ या चित्रपटात. हा चित्रपट ‘प्रभात’चा, पुण्यात तयार झालेला. त्याचे नृत्यदिग्दर्शन करणारा तरुण होता गुरुदत्त. या दोघांची आयुष्यभराची मैत्री जुळली ती पुण्यात, प्रभातच्या आवारात. त्याच वर्षी पृथ्वीराज कपूर यांना घेऊन भालजी पेंढारकरांनी ‘वाल्मीकि’ काढला. त्यात नारदाच्या भूमिकेत होता राज कपूर. म्हणजे पुढे हिंदी पडद्यावर राज्य करणारे हे तरुण उमेदवारीच्या काळात मराठी माणसांनी उभारलेल्या अंगणातून गेले होते.

‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाचे नाव घेतल्यावर आजही माणसे हळवी होतात. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, बर्लिनचा सन्मान, अमेरिकेत गौरव, सारे त्याला लाभले. पण त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची आहे, आणि तिच्यामागे औंध संस्थानातील एक सत्य प्रयोग आहे, हे किती जणांना ठाऊक असते? औंधच्या पंतप्रतिनिधींच्या राज्यात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाच्या वसाहतीत, जन्मठेपेच्या कैद्यांना भिंती आणि बेड्यांशिवाय शेती करू देण्याचे धाडस झाले होते. माणदेशच्या उजाड माळावर झालेला तो प्रयोग माडगूळकरांनी पाहिलेल्या, जगलेल्या भूमीतला. शांतारामबापूंनी तो पडद्यावर आणला आणि जगाने पाहिला. आपण मात्र चित्रपट लक्षात ठेवला आणि माणदेश विसरलो.

हिंदी पडद्याने आपल्या अभिनेत्रींनाही कसे वागविले ते पाहा. ‘वहिनींच्या बांगड्या’मध्ये (१९५३) ज्या सुलोचनाबाईंनी अवघ्या महाराष्ट्राचे डोळे ओले केले आणि भालजींच्या ‘मराठा तितुका मेळवावा’मध्ये (१९६४) जिजाऊ साकारली, त्या हिंदीत पन्नास वर्षे केवळ ‘नायकाची आई’ म्हणून वावरल्या. ललिताबाई पवार १९४२च्या सुमारास एका दृश्यातील थपडेने जायबंदी झाल्या. डोळ्याला कायमचे अधूपण आले. त्या अधूपणालाच शस्त्र करून या जिद्दी बाईने खाष्ट सासूची भूमिका अजरामर केली. आज त्यांची आठवण निघते ती विनोदाने. ४ जून २०२३ रोजी सुलोचनादीदी वयाच्या ९४व्या वर्षी गेल्या तेव्हाही अनेक बातम्यांचे मथळे होते ते त्या कोणकोणत्या हिंदी नायकांच्या आई झाल्या याचे. मराठी घरांतूनही तेवढीच चर्चा झाली. यात दोष हिंदीवाल्यांचा किती आणि आपला किती?

मध्यमवर्गाचाच होता तो चित्रपट

१९३२च्या ‘अयोध्येचा राजा’पासून साठीच्या दशकापर्यंतचा मराठी चित्रपट हा केवळ करमणुकीचा व्यवसाय नव्हता. तो एका समाजाचा उद्योग होता. त्यात साहित्यिक होते, कीर्तनकार होते, शाहीर होते, चित्रकार होते, सुतार-लोहार होते, संस्थानिक होते. १९२९मध्ये कोल्हापुरात पाच भागीदारांनी ‘प्रभात’ काढली. त्यांत विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल होते, बाबूराव पेंटरांच्या तालमीत घडलेले. याच दोघांनी १९३६मध्ये ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. परक्या भाषेतील, परक्या श्रद्धेचा हा चित्रपट पाहून युरोपातील परीक्षकांना काय भावले असेल? त्यात झगमगाट नव्हता. होते ते विष्णुपंत पागनीसांचे सात्त्विक मुख, गौरीबाईंनी साकारलेली फटकळ पण प्रेमळ आवली, आणि देहूच्या घरातली चूल. आपल्या मातीतले जितके खरे तितकेच ते जगाचे होते.

पुढच्या काळाची यादी तरी किती समृद्ध आहे! न्यायाची बूज राखणारा ‘रामशास्त्री’ (१९४४). शाहिराच्या वाणीचा ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७), ज्यात माडगूळकरांची लेखणी, जयराम शिलेदारांचा आवाज आणि हंसाबाई वाडकरांचे तेज एकत्र आले. होनाजीवरचा ‘अमर भूपाळी’ (१९५१), जो कानच्या महोत्सवापर्यंत गेला. पु. ल. देशपांडे यांनी लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका अशी सारी धुरा एकट्याने वाहिलेला ‘गुळाचा गणपती’ (१९५३). राजा परांजपे, माडगूळकर आणि सुधीर फडके या त्रयीचे ‘लाखाची गोष्ट’ (१९५२), ‘ऊन पाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०). अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), जो पुण्यात शंभरहून अधिक आठवडे चालला.

आणि ‘श्यामची आई’! १९५४मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू केले. पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या या चित्रपटाला मिळाले. साऱ्या भारतातून, साऱ्या भाषांतून पहिला मान मराठीला! साने गुरुजींचे पुस्तक, अत्र्यांचे दिग्दर्शन, ग्वाल्हेरच्या सरदार घराण्यातील सुविद्य वनमालाबाईंची आई आणि बालवयातील माधव वझे यांचा श्याम. ज्या घरांत आजही साने गुरुजींचे पुस्तक भेट दिले जाते, त्या घरांतील किती मुलांनी हा चित्रपट पाहिला आहे? प्रश्न कोणाही परक्याला नाही, आपल्यालाच आहे.

‘ऊन पाऊस’ची तर गंमतच आहे. सेवानिवृत्त मास्तर आणि त्याची पत्नी. मुले आईवडिलांना वाटून घेतात. ही कथा चारच वर्षांत कर्नाटकात ‘स्कूल मास्टर’ (१९५८) म्हणून पोहोचली आणि तेथे गाजली. तिच्याच जातीचे कथानक घेऊन २००३मध्ये हिंदीत ‘बागबान’ आला, तेव्हा आपल्या सोसायट्यांमधून रुमाल ओले झाले. मूळ मास्तराचे छायाचित्र दाखविले तर मात्र आपण विचारतो, हे कोण नाटकवाले?

आगीचे आणि उदासीनतेचे बळी

आता खरा मुद्दा. विसरणे ही एक गोष्ट. पण विसरलेली वस्तू कपाटात सुरक्षित असेल तर ती पुढच्या पिढीला सापडू शकते. चित्रपटाचे तसे नसते. तो विसरला की मरतो, अगदी शब्दशः मरतो.

१९५०च्या आसपासपर्यंतचे चित्रपट नायट्रेट नावाच्या फितीवर असत. ही फीत अत्यंत ज्वालाग्राही. एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण ज्वलनाला लागणारा प्राणवायू तिच्या रसायनातच असतो. जळाली नाही तरी ती कुजते. चिकट होते, फुगते आणि शेवटी तांबूस भुकटी होऊन डब्याच्या तळाशी बसते. पुढे आलेली ॲसिटेटची फीत पेटत नाही, पण उष्ण, दमट हवेत तीही आंबते. डबा उघडताच शिर्क्याचा उग्र वास आला की समजावे, आत रोग लागला आहे, आणि तो शेजारच्या डब्यालाही लागणार. याला उपाय एकच : थंड, कोरडे कोठार आणि वेळेवर केलेली नवी प्रत. आपल्याकडे जुन्या रिळांच्या नशिबी काय आले? पत्र्याची गोदामे, माळे आणि भंगारवाल्यांची दुकाने. फितीवरील चांदी काढून घेण्यासाठी रिळे वितळविली गेली. ज्या चांदीत दुर्गाबाई खोट्यांचा किंवा शांताबाई आपट्यांचा चेहरा उमटला होता, ती चांदी किलोच्या भावाने विकली गेली!

परिणाम समोर आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) चारांपैकी दोनच रिळे आज पाहायला मिळतात. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) कोठेही शिल्लक नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जेथे कधीकाळी प्रभातचे वैभव नांदत होते त्याच आवारातील कोठाराला आग लागली आणि नायट्रेटची पाच हजारांहून अधिक रिळे काही तासांत भस्मसात झाली. त्या सकाळी एखादा किल्ला कोसळला असता तर विधानसभेत गदारोळ झाला असता, मोर्चे निघाले असते. रिळे जळाली, दोन दिवस बातमी आली, तिसऱ्या दिवशी आपण क्रिकेटकडे वळलो.

त्याआधीची एक आग आपल्या समाजाने डोळ्यांनी पाहिली होती. १९४८मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. भालजी पेंढारकरांची आयुष्यभराची मिळकत डोळ्यांदेखत जळाली. ‘मीठभाकर’ हा चित्रपटही त्या आगीत गेला. भालजी तेव्हा पन्नाशीला टेकले होते. दुसरा कोणी असता तर संन्यास घेता. भालजींनी कर्ज काढले, ‘मीठभाकर’ पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला, स्टुडिओ पुन्हा उभा केला, आणि पुढे ‘छत्रपती शिवाजी’पासून (१९५२) ‘साधी माणसं’पर्यंत (१९६५) आणि ‘तांबडी माती’पर्यंत (१९६९) एकामागून एक चित्रपट दिले. पण त्याच जयप्रभाला वाचवा, अशी मागणी घेऊन २०२२मध्ये कोल्हापूरकर कलावंतांना उपोषणाला बसावे लागले. दंगलखोरांच्या आगीतून जे एका माणसाने वाचविले, ते जपायला सगळ्या समाजाचे बळ अपुरे पडावे?

हिंदीतील धनवंतांचे तरी वेगळे काय झाले? चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला सप्टेंबर २०१७मध्ये आग लागली, अनेक गाजलेल्या चित्रपटांतील पोशाख जळाले आणि २०१९मध्ये ती जागा गृहबांधणी कंपनीकडे गेली. ‘अलबेला’ने (१९५१) देशाला नाचविणारे भगवानदादा जुहूचा बंगला आणि गाड्या गमावून दादरच्या चाळीत राहिले आणि २००२मध्ये तेथेच गेले. त्यांच्या पावलांची नक्कल करून कित्येक नट मोठे झाले. जिवंत कलावंताची जेथे ही कथा, तेथे निर्जीव रिळांना कोण विचारतो?

माझाही अपराध आहे

येथे एक कबुली दिली नाही तर या लेखातील प्रत्येक शब्द ढोंग ठरेल. माझ्या मामांचा फिरता सिनेमा होता. सातारा जिल्ह्यातील जत्रांतून त्यांचा तंबू लागत असे. दूरदर्शन आले, व्हिडिओ आला आणि तंबू गुंडाळला गेला. वितरकाने कधी परत न मागितलेले रिळांचे डबे मामांच्या माळ्यावर पडून होते. १९८४च्या उन्हाळ्यात घराची रंगरंगोटी निघाली. मामी म्हणाल्या, ‘वास येतो त्या डब्यांचा, काढून टाका एकदाचे.’ मी चौदा वर्षांचा होतो. शिडीवर उभा राहून एकेक डबा मी स्वतःच्या हाताने खाली दिला. भंगारवाल्याने डब्यांचे पत्र्याच्या भावाने पैसे दिले. फिती फुकट नेल्या. मामा ओटीवर बसून होते. ते एक शब्दही बोलले नाहीत. त्या पैशांतून आम्हा भावंडांना उसाचा रस मिळाला.

त्या डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. त्यांवर शाईने काही लिहिलेले होते. ते काय होते, हे आम्ही कोणी वाचलेसुद्धा नाही.

पुढे मी मराठी साहित्याची पदवी घेतली, पत्रकार झालो, वारशावर अग्रलेख लिहिले. पण ती चिठ्ठी न वाचणारा मुलगा आजही माझ्या आत बसला आहे. म्हणून त्या सभागृहातील हशावर संतापण्याचा अधिकार मला किती, हे मी जाणतो. तरीही संतापतो. कारण मी एकटा नव्हतो. महाराष्ट्रातील कित्येक माळ्यांवर त्या वर्षांत हेच घडत होते.

एक केरळी राजवाडे

या भूमीला हा अपराध नवा नाही, आणि त्याचे प्रायश्चित्तही नवे नाही. मराठ्यांच्या इतिहासाची दप्तरे वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जात होती, तेव्हा इतिहासाचार्य वि. का. राजवाडे अंगावरच्या कपड्यानिशी गावोगाव हिंडले, माळे धुंडाळले, कुलकर्णी-देशपांड्यांच्या विनवण्या केल्या आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड उभे केले. १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. आज आपण ज्या इतिहासाचा अभिमान मिरवतो, त्याचा कागद या माणसांनी वाचविलेला आहे.

चित्रपटांना राजवाडे मिळाले ते केरळातून. पी. के. नायर हा तिरुवनंतपुरमचा तरुण पुण्यात आला आणि १९६४मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला त्याने आपले आयुष्य दिले. नाशिकला फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे जाऊन ‘कालिया मर्दन’चे (१९१९) तुकडे त्यांनी मिळविले आणि ते जुळविले. जे काम फाळक्यांच्या महाराष्ट्राने करायचे ते मल्याळी माणसाने केले. २०१६मध्ये पुण्यातच नायरांचे निधन झाले. पुण्यातील किती घरांतून त्या दिवशी त्यांचे नाव निघाले असेल? प्रभातचे चित्रपट आज पाहता येतात त्यात दामले कुटुंबाच्या चिकाटीचाही मोठा वाटा आहे. अशी बोटांवर मोजण्याइतकी माणसे आणि बाकी सारा समाज टाळ्या वाजवायला!

केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान हाती घेतले. २०२२मध्ये सुमारे बावीसशे चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा झाली. हे स्वागतार्हच आहे. पण त्या बावीसशेंमध्ये मराठी किती, कोणते, कोणत्या क्रमाने, हे विचारण्याचे काम कोणाचे? ज्याचे मूल आजारी, त्यानेच वैद्याच्या दारात उभे राहायचे असते. महाराष्ट्र शासन चित्रपती व्ही. शांताराम यांच्या नावे जीवनगौरव देते, राज कपूर यांच्या नावे पुरस्कार देते, गोरेगावच्या चित्रनगरीला फाळक्यांचे नाव आहे. नावे दिली, हार घातले. पण ज्यांची नावे दिली त्यांची रिळे कोणत्या अवस्थेत आहेत, याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा, असे एकाही पक्षाच्या एकाही सदस्याला वाटू नये?

पळवाटा आणि उत्तरे

यावर काही ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले उत्तर : ‘आता सगळे यूट्यूबवर मिळते.’ मिळते काय? तर दूरचित्रवाणीवरून उतरविलेली, कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह असलेली, गाणी छाटलेली, चेहरे पांढरेफटक पडलेली प्रत. ज्ञानेश्वरीची झेरॉक्सची झेरॉक्स हाती असली म्हणून मूळ पोथी वाळवीला द्यायची का?

दुसरे उत्तर : ‘सिनेमा म्हणजे करमणूक, त्याला वारसा कसला म्हणायचा?’ बखरीसुद्धा कोणा एका दरबाराच्या समाधानासाठीच लिहिल्या गेल्या होत्या. १९५०च्या सुमारास कोल्हापूरची बाजारपेठ कशी दिसत होती, नऊवारीतील बाई विहिरीवरून कशी चालत येत होती, शाळामास्तर कोणत्या सुरात रागावत होता, पंचगंगेकाठची बोली कशी कानावर पडत होती, हे कोणत्या ग्रंथात सापडेल? ते फक्त या फितीवर आहे. भाषा जपायची म्हणजे शब्दकोश छापायचे एवढेच नव्हे. तिचा उच्चार आणि हेलही जपायचा असतो.

तिसरे उत्तर आपल्याच विद्वानांचे असते : ‘संतपट भाबडे, तमाशापट हिणकस, ऐतिहासिकपट भडक, त्यांत जपण्यासारखे काय?’ आवडनिवड ज्याची त्याची. टीकाही व्हावी, अवश्य व्हावी. पण टीका करायला तरी वस्तू शिल्लक हवी! आणि ज्या शांताबाई आपट्यांनी ‘कुंकू’मध्ये (१९३७) जरठविवाहाविरुद्ध ठाम नकार उभा केला, ज्या बाईने दोन वर्षांनी अन्यायाविरुद्ध प्रभातच्याच दारात उपोषण केले, ती बाई आणि तो चित्रपट कोणाला भाबडा वाटत असेल, तर त्याने तो पाहिलेला नाही एवढेच सिद्ध होते.

चौथे उत्तर सर्वांत सोयीचे : ‘हे सरकारने करावे.’ सरकारने करावेच. पण राजवाड्यांनी सरकारची वाट पाहिली असती तर आज बावीस खंडांच्या जागी बावीस निवेदने उरली असती.

करायचे काय?

मागण्या साध्या आहेत. पहिली : ‘अयोध्येचा राजा’पासून १९७०पर्यंतच्या प्रत्येक मराठी चित्रपटाची एक जाहीर सूची व्हावी. चित्रपटाचे नाव, मूळ निगेटिव्ह कोठे आहे, प्रत कोठे आहे, अवस्था काय, हक्क कोणाकडे. जेथे काहीच सापडत नाही तेथे ‘गहाळ’ असे धीटपणे लिहावे. रोग कळल्याशिवाय औषध नाही. दुसरी : अनुदान घेणाऱ्या प्रत्येक मराठी चित्रपटाची उत्तम प्रत संग्रहालयात जमा झालीच पाहिजे आणि ती जमा झाली की नाही याची तपासणी झाली पाहिजे, नाहीतर आजचे चित्रपट पन्नास वर्षांनी याच वाटेने जातील. तिसरी : हक्कदारांनी रिळे दडवून ठेवू नयेत. माळ्यावर कुजणाऱ्या फितीला कसलाही बाजारभाव नसतो.

आणि चौथी मागणी आपल्याकडे. आपल्या घरात, आजोळी, गावातील बंद पडलेल्या चित्रपटगृहात, जुन्या वितरकाच्या गोदामात एखादा गंजलेला डबा असू शकतो. तो भंगारात देऊ नका. स्वतः उघडण्याचा, उन्हात ठेवण्याचा किंवा उलगडून पाहण्याचा प्रयत्नही करू नका. डब्यावरची चिठ्ठी वाचा, तिचे छायाचित्र घ्या आणि पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा. गणेशोत्सवात, वाचनालयाच्या वर्धापनदिनी, शाळेच्या स्नेहसंमेलनात वर्षातून एक तरी जुना मराठी चित्रपट पूर्ण दाखवा. नुसती गाणी नकोत. मुले कंटाळतील म्हणून घाबरू नका. आपणही कधीतरी शनिवारच्या संध्याकाळी दूरदर्शनसमोर असेच मांडी घालून बसलो होतो, कंटाळलो नव्हतो.

माझे मामा आता हयात नाहीत. त्या डब्यांत काय होते, हे विचारण्याचे धाडस मला त्यांच्या शेवटच्या आजारातही झाले नाही. कदाचित एखादा फालतू मारधाडपट असेल. कदाचित ज्याची एकही प्रत आज कोठे नाही, असे काहीतरी असेल. हे आता कधीच कळणार नाही, आणि हीच माझी शिक्षा आहे.

आपल्या माळ्यावरील डबा अजून तेथेच असेल, तर ती शिक्षा आपल्याला टाळता येईल. आजच शिडी लावा.